पाणी भरपूर पितो, तरी लाँग रनला दर रविवारी दम तुटतो: खान्देशी उन्हाळ्यातली तक्रार आणि तिचा माग

मार्च संपत आला की जळगाव, भुसावळ, धुळे, चाळीसगाव, नंदुरबार, कुठल्याही धावणाऱ्याशी बोला, तक्रार तीच. "दिवसाला चार-पाच लिटर पाणी पितो, तरी रविवारी बारा-तेरा किलोमीटर झाले की पाय उचलत नाहीत. घरी आल्यावर दुपारभर डोकं धरतं, रात्री पोटरीत गोळा येतो. पुढच्या रविवारी पुन्हा तेच." हाच माणूस डिसेंबरात एकवीस किलोमीटर गप्पा मारत करतो.

उन्हाळ्यात धावणं बंद करा, असं सांगून भागत नाही. सातारा हिल हाफ मॅरेथॉन पावसाळ्याच्या शेवटाकडे असते, लडाखची मॅरेथॉन सप्टेंबरात, आणि कॉम्रेड्स शर्यतीसाठी दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्याला तिथे साधारण जूनमध्ये ९० किलोमीटरच्या आसपास धावायचं असतं. म्हणजे तयारीचे बरेच आठवडे नेमके आपल्या एप्रिल-मे महिन्यात पडतात, जेव्हा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पहाटेही अंगाला गारवा लागत नाही.

या तक्रारीच्या मागे निरनिराळी कारणं असू शकतात: पाणी कमी पडणं, मीठ कमी पडणं, पाणी गरजेपेक्षा जास्त होणं, किंवा शरीराला उन्हाची सवयच झालेली नसणं. चौघांची लक्षणं वरवर सारखी दिसतात. डोकेदुखी चारही प्रकारांत, मळमळ निदान तिघांत, थकवा सगळ्यांत. म्हणून अंदाजाने बाटल्या वाढवत नेणाऱ्याचा त्रास कधी कमी होतो, कधी वाढतो, आणि का ते त्यालाही कळत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी मोजा, मग काय प्यायचं आणि किती ते ठरवा. मोजायला लागतो तो फक्त वजनकाटा.

आधी काटा

लाँग रनला निघण्यापूर्वी लघवीला जाऊन या आणि कमीत कमी कपड्यांत वजन करा. काटा १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल असावा. घरी नसेल तर जिममध्ये किंवा मित्राकडे असतोच. धावताना जे काही प्याल त्याची नोंद ठेवा. सोपं जावं म्हणून बाटलीवर मार्करने खुणा करा. परत आल्यावर आधी ओले कपडे काढा, अंग आणि केस कोरडे पुसा, मगच काट्यावर उभे राहा. घामाने भिजलेला टी-शर्ट आणि मोजे यांचंच वजन तीन-चारशे ग्रॅम भरू शकतं, आणि तेवढ्याने सगळं गणित चुकतं.

उदाहरण घ्या. निघताना वजन ६८.४ किलो, परतल्यावर ६६.६. दोन तास धावणं झालं, वाटेत ७५० मिलिलिटर पाणी प्यालं. वजन घटलं १.८ किलो, त्यात प्यायलेलं पाऊण लिटर मिळवा: अंगातून गेलं साधारण २.५५ लिटर. तासाला सव्वा लिटरहून जास्त. घट मूळ वजनाच्या २.६ टक्के झाली. दोन टक्क्यांच्या पुढे गेलं की बहुतेकांचा वेग, दम आणि डोकं तिन्ही मंदावतात, हे क्रीडाविज्ञानात बऱ्याच काळापासून मानलं जातं. रक्तातला पाण्याचा अंश घटतो, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे जातं, आणि त्याच रक्ताला एकीकडे स्नायूंना पुरायचं असतं, दुसरीकडे कातडीखाली येऊन अंग थंड करायचं असतं. म्हणून वेग तोच असूनही घड्याळातले ठोके दर किलोमीटरला चढत जातात.

आता या माणसाने तासाला सव्वा लिटर प्यावं का? नाही. धावताना बहुतेकांच्या पोटातून तासाला पाऊण ते एक लिटरच पुढे सरकतं. त्याहून जास्त ओतलं तर ते पोटात डुचमळत राहतं. त्याने तासाला साडेसहाशे मिलिलिटर धरलं तर दोन तासांत १.३ लिटर होतील, घट सव्वा किलोवर येईल, म्हणजे १.८ टक्के. एवढी तूट शरीर सहज सोसतं. सगळं नुकसान वाटेतच भरून काढायचा हट्ट नको.

काट्याने काय सांगितलं त्यावरून पुढची वाट ठरते. घट दोन टक्क्यांच्या वर आणि लघवी गडद पिवळी असेल तर पाणीच कमी पडतंय. घट एक टक्क्याच्या आसपास, तरी डोकं धरतंय आणि कपड्यांवर पांढरं साचतंय, तर मिठाकडे बघा. वजन जितकं होतं तितकंच किंवा वाढलेलं, आणि वर मळमळ, तर पाणी जास्त झालंय. हा प्रकार धोक्याचा आहे, त्यावर पुढे लिहिलंय. वजन ठीक, लघवी ठीक, फक्त वेग गेला, तर दोष बाटलीचा नाही, उन्हाचा आहे. (बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने लघवी पिवळीधमक होते, तेव्हा ती चालू असेल तर रंगावर विसंबू नका.)

ही मोजणी एप्रिलमध्ये एकदा, मेमध्ये एकदा आणि पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा एकदा करा. तीन आकडे तीन तऱ्हेचे येतील.

"मला तर फारसा घामच येत नाही"

हे वाक्य खान्देशात जितकं ऐकू येतं तितकं मुंबईत येत नाही. मुंबईतला धावणारा पाच किलोमीटरात निथळतो, बुटात पाणी होतं. आपल्याकडे एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी की घाम कातडीवर टिकतच नाही, आला की उडून जातो. टी-शर्ट जवळजवळ कोरडा, कपाळ कोरडं, आणि माणूस समजतो की फार काही गेलं नाही.

पुरावा बघायचा असेल तर धावून आल्यावर लगेच नळाखाली जाऊ नका. कानशिलावरून बोट फिरवा, बारीक कचकच लागेल. टोपीची मागची पट्टी कडक झालेली असते. गडद रंगाचा टी-शर्ट काढून दोरीवर टाका. छातीपाशी आणि पाठीवर, बॅगच्या पट्ट्याखाली, पांढऱ्या वळणदार रेषा उमटलेल्या दिसतील. पाणी उडून गेलं, मीठ मागे राहिलं. ज्याच्या कपड्यांवर या रेषा जाड असतात त्याच्या घामात मीठ जास्त, आणि त्याला नुसतं पाणी पुरणार नाही.

कोरडी हवा आपल्या बाजूनेही आहे, हे मात्र विसरू नका. घरातला कूलर मे महिन्यात खोली गार करतो आणि जुलैत नुसती चिकचिक वाढवतो, अंगाचंही तसंच. कोरड्या हवेत घाम उडतो आणि उष्णता घेऊन जातो. म्हणून मेमध्ये डोक्यावर, मानेवर, हातांवर पाणी मारण्याचा फायदा चांगलाच जाणवतो. प्यायचं पाणी वेगळं ठेवा, अंगावर मारायचं वेगळं.

रविवारचं दुखणं शनिवारी सुरू होतं

काटा पहिल्यांदा हातात आला की बऱ्याच जणांना ही गोष्ट उमगते. आठवडाभर रोज सकाळी उठल्यावर, लघवीनंतर, वजन लिहून ठेवा. रविवारी पहाटेचा आकडा नेहमीपेक्षा एक टक्का किंवा त्याहून कमी दिसला, तर तुम्ही तूट घेऊनच धावायला उभे राहताय. मग वाटेत कितीही प्याल, पहिल्या किलोमीटरपासून मागेच असता.

आपल्याकडे शनिवारी काय होतं ते आठवा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे लग्नसराई. दुपारच्या उन्हात मोटारसायकलवर चाळीसगाव नाहीतर अमळनेर, मांडवात तासन्‌तास उभं राहणं, रात्री उशिरा जेवण, तिखट आणि तेलकट. शेती असेल तर केळीच्या बागेत पाण्याची पाळी. रात्री गच्चीवर झोपलं तरी हवा गरम, झोपेतही अंग पाणी सोडत राहतं, पहाटे तोंडाला कोरड. लग्नात दारू झाली असेल तर लघवीवाटे आणखी गेलं. अशा रात्रीनंतर वीस किलोमीटर धरू नका. दहा करा, किंवा सोमवारी धावा. लाँग रन एक दिवसाने सरकला म्हणून तयारी बिघडत नाही.

साधा शनिवार असेल तर दुपारपासून थोडं थोडं पीत राहा, आणि संध्याकाळच्या जेवणात मीठ असू द्या. वरण-बट्टी, खिचडी-कढी, कळण्याची भाकरी आणि भरीत, सोबत लोणचं, भाजलेला पापड किंवा बिबडे, वर ताक. हे जेवण या कामासाठी उत्तम आहे: भात-बट्टीतली पिठूळ साखर स्नायूंत साठते आणि सोबत पाणीही धरून ठेवते, मिठामुळे प्यालेलं पाणी अंगात टिकतं. पहाटे चारला उठून लिटरभर पाणी घशात ओतणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. ते अर्ध्या तासात लघवीवाटे जातं आणि पहिल्या तीन किलोमीटरात दोनदा थांबावं लागतं. उठल्याबरोबर तीन-चारशे मिलिलिटर, त्यात चिमूटभर मीठ आणि लिंबू, एवढं पुरे. चहाची सवय असेल तर कपभर घ्या. नेहमीच्या प्रमाणातला चहा शरीर कोरडं पाडत नाही.

मीठ, आणि केळीच्या प्रदेशातला एक पक्का गैरसमज

रावेर, यावल, चोपडा, सगळा केळीचा पट्टा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. साहजिकच आपल्याकडे पोटरीत गोळा आला की शेजारचा माणूस पहिल्यांदा केळं पुढे करतो: "खा भाऊ, पोटॅशियम असतं." केळं चांगलंच आहे, पण या दुखण्यावर नाही.

घामातून मुख्यतः जातं ते सोडियम, म्हणजे आपलं साधं मीठ. एका लिटर घामात सोडियम माणसागणिक फार वेगवेगळं असतं, कुणाच्या दोन-तीनशे मिलिग्रॅम तर कुणाच्या दीड हजाराच्याही वर. सर्वसाधारणपणे नऊशे ते हजाराच्या आसपास धरतात. पोटॅशियम मात्र लिटरमागे जेमतेम दीड-दोनशे मिलिग्रॅम जातं. एका मध्यम केळ्यात पोटॅशियम चारशेच्या आसपास, आणि सोडियम जवळपास नाहीच. म्हणजे जे फारसं गेलं नाही ते केळं भरून देतं. जे गेलं ते तसंच राहतं. शहाळ्याचंही तेच: पोटॅशियम भरपूर, सोडियम त्या मानाने कमी. शहाळं प्यायचं तर सोबत मीठ लावलेलं काहीतरी खा.

केळ्याची जागा वेगळी आहे. दीड तासाच्या पुढे धावत असाल तर तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं लागतात, आणि एका केळ्यातून पंचवीस-सत्तावीस ग्रॅम सहज मिळतात. इंधन म्हणून केळं घ्या, खजूर घ्या, गुळाचा खडा घ्या. मिठाची सोय निराळी करा.

घरचं पेय सोपं आहे. एक लिटर पाणी, सपाट पाव चमचा मीठ, चार-पाच सपाट चमचे साखर, अर्धं लिंबू, चमचा चहाचा. यात साधारण पाच-सहाशे मिलिग्रॅम सोडियम येतं, बहुतेकांना तेवढं पुरतं. टी-शर्टवर जाड रेषा उमटणाऱ्यांनी मीठ थोडं वाढवावं. साखर मात्र वाढवू नये. साखर आठ टक्क्यांच्या वर गेली की पोट पेय अडवून धरतं. म्हणूनच वाटेत उसाचा रस किंवा कोल्ड्रिंक घेतलं की पुढचे तीन किलोमीटर पोटात ढवळतं. रस घरी परतताना प्या, मीठ-लिंबू घालून, निवांत.

साखर हवीच का? हवी, कारण आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकमेकांच्या सोबतीने आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. याच तत्त्वावर ओआरएस उभं आहे. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडावाटे देऊन असंख्य जीव वाचवले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आलं. जो शोध जुलाबाच्या रोग्यासाठी होता तोच आज आपल्या बाटलीत आहे, हे माहीत असावं असं मला वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटरसाठी असतं, आणि त्यात सोडियम सतराशे मिलिग्रॅमच्या आसपास. जुलाब झाले असतील तर लिटरभर पाण्यातच कालवायचं, त्यात फेरफार नाही. धावण्यासाठी मात्र तेच दोन लिटर पाण्यात पातळ केलं तर चव बरी लागते आणि मीठही पुरेसं मिळतं. जे करायचं नाही ते असं: पाकीट अर्ध्या लिटरात किंवा ग्लासात ढवळून "कडक" प्यायचं. त्याने आतड्यात उलट अंगातलंच पाणी ओढलं जातं, आणि वाटेत झुडूप शोधावं लागतं. मेडिकलमधून घेताना पाकिटावरचं सूत्र वाचा. गोड, फळांच्या चवीची, डब्यातली पेयं ओआरएस नावाने बराच काळ विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांना ते नाव लावायला मनाई केली. तरी दुकानात हात जाईल ते उचलू नका.

फिल्टरच्या जारमधल्या पाण्याला दोष देणारेही पुष्कळ भेटतात: त्यात क्षार नाहीत, म्हणून गोळे येतात. विहिरीच्या पाण्यातले क्षार धरले तरी घामातून जाणाऱ्या मिठाच्या मानाने ते नगण्य असतात. जार बदलून फरक पडणार नाही.

आणि पोटरीतल्या गोळ्याचं सगळं खापर मिठावरही फोडू नका. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरात, एकाच पायात, वेग वाढवल्यावर येणारा गोळा पुष्कळदा थकलेल्या स्नायूचा असतो. थांबा, पंजा स्वतःकडे ओढून पोटरी ताणा, मग चाला. गोळा सुटला तर तो थकव्याचा समजा. पोटरीचे व्यायाम करा आणि वेग आवरा.

जास्त पाण्याने होणारा त्रास

आपल्याकडे उन्हात कुणीही डगमगला की चारही बाजूंनी एकच हाक येते: "पाणी पाज." बहुतेक वेळा बरोबर असतं. पण सावकाश धावणारा माणूस, पाच-सहा तास रस्त्यावर, प्रत्येक टेबलावर दोन ग्लास साधं पाणी पीत आलेला, त्याला आणखी पाणी पाजलं तर जीव जाऊ शकतो. रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदूला सूज येते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं गेलं. त्यात १३ टक्के लोकांचं सोडियम सामान्य पातळीच्या खाली आढळलं, आणि शर्यतीत वजन वाढलेल्यांना तो धोका सर्वात जास्त होता. त्याच शर्यतीत एका तरुण धावपटूचा याच कारणाने मृत्यू झाला.

ओळख अशी: पोट फुगल्यासारखं, अंगठी बोटात घट्ट, घड्याळाचा पट्टा रुततोय, मळमळ, डोकं ठणकतंय, आणि वजन निघतानाएवढं किंवा जास्त. अशा माणसाला साधं पाणी बंद. शुद्ध आणि बोलणं ठीक असेल तर खारट काहीतरी द्या. बोलण्यात विसंगती आली, उलट्या सुरू झाल्या, तर थेट दवाखाना, आणि डॉक्टरांना आधी सांगा की याने पाणी खूप प्यालंय, म्हणजे ते घाईने साधं सलाइन चढवणार नाहीत.

त्यासाठी नियम एकच: धावून आल्यावर वजन वाढलेलं दिसता कामा नये. तहानेकडे लक्ष द्या, घड्याळ लावून दर दहा मिनिटांनी पिऊ नका. वर जी तासाची मोजदाद केली ती कमाल मर्यादा आहे, कोटा नव्हे.

पाणी ठीक, मीठ ठीक, तरी वेग गेला

मग उन्हाची सवय झालेली नाही. दिवसभर एसी ऑफिसात किंवा बँकेत बसणारा आणि फक्त रविवारी पहाटे बाहेर पडणारा याच गटात येतो. रोज किंवा दिवसाआड थोडं गरम हवेत, सावकाश, अर्धा-पाऊण तास धावलं की दहा ते चौदा दिवसांत शरीर बदलतं: पहिल्या काही दिवसांतच रक्तातला द्रव वाढतो, मग घाम लवकर सुटू लागतो आणि त्यात मीठ कमी जातं. महिनाभर खंड पडला की हे सगळं पुन्हा ओसरतं. म्हणून मार्चच्या मध्यापासून सुरुवात करा, एकदम मेच्या उन्हात उडी नको.

वेळ निवडताना एक लक्षात घ्या. दिवसातली सर्वात गार वेळ सूर्योदयाच्या अगदी आधीची असते. संध्याकाळी सातला ऊन गेलेलं असतं पण डांबर तापलेलं असतं, त्याची वाफ खालून लागते. लाँग रन पहाटे साडेचारला सुरू करून साडेसहा-सातपर्यंत संपवा. वेगाची अपेक्षा सोडून द्या. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढ्याच गतीने धावा. ज्यांना सोय आहे त्यांनी महिन्यातून एखादा लाँग रन तोरणमाळला किंवा सातपुड्यात पालच्या बाजूला करावा, पाय खुलतात.

पाणी रस्त्यावर न्यायची अडचण असते, कारण एवढ्या पहाटे टपऱ्या उघडत नाहीत. म्हणून उन्हाळ्यात सरळ लांब रस्ता धरण्यापेक्षा फेऱ्या बऱ्या: जळगावात मेहरूण तलाव, धुळ्यात नकाणे तलावाचा परिसर. गाडी एका जागी लावा, बाटल्या गाडीपाशी, प्रत्येक फेरीला दोन-चार घोट. डिकी तापते, म्हणून बाटलीला ओलं फडकं गुंडाळून हवेशीर जागी, हँडलला टांगा. ट्रकला बांधलेली छागळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. एक बाटली रात्री अर्धी भरून फ्रीजरमध्ये आडवी ठेवा, निघताना वर पाणी भरा. दोन तास गार राहते.

पाऊस आल्यावरची फसगत

मृगाच्या सरी पडल्या की पारा आठ-दहा अंशांनी उतरतो आणि लोक बाटली घरी ठेवतात. जुलैत मग तीच तक्रार परत, आणि आता कुणाला उन्हाचा संशयही येत नाही. हवा दमट झाली की घाम उडत नाही, टपकतो. टपकलेला घाम अंग थंड करत नाही, म्हणून शरीर आणखी घाम काढतं. मेची मोजणी इथे चालणार नाही, काट्यावर पुन्हा उभं राहावं लागेल. डोक्यावर पाणी मारण्याचाही आता तेवढा उपयोग नाही. वेग कमी करणं हाच खरा उपाय.

धावून आल्यानंतर

जेवढं वजन घटलं त्याच्या सव्वा ते दीडपट द्रव पुढच्या काही तासांत घ्या, एका दमात नाही. दीड किलो घटलं असेल तर दोन-सव्वादोन लिटर. नुसतं पाणी प्यालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं आणि दुपारी डोकं धरतं ते धरतंच. मीठ-जिरं घातलेलं ताक, मठ्ठा, दूध, कैरीचं पन्हं, आणि लवकर नीट जेवण, एवढ्याने बहुतेकांची दुपारची डोकेदुखी थांबते. ज्यांना रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास आहे, किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, त्यांनी मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. लाँग रनच्या आधी किंवा मध्ये वेदनाशामक गोळी घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. पाणी कमी झालेलं असताना तो आधीच घटलेला असतो. गुडघा दुखतोय म्हणून गोळी खाऊन वीस किलोमीटर करणारी भरतीची पोरं मी पाहतो तेव्हा पोटात गोळा येतो. धावल्यानंतर लघवी कोलासारखी तपकिरी झाली तर वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

आणि सोबत धावणारा असंबद्ध बोलू लागला, तिरपा चालू लागला, ओळखेनासा झाला, अंग तापलेलं, तर तो उष्माघात समजा, घाम येत असला तरी. १०८ ला फोन लावा, पण गाडीची वाट बघत बसू नका. पहिल्या काही मिनिटांत अंग थंड करणं जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे शेतं जवळ असतात: मोटर चालू असेल तिथे पाइपाखाली धरा, हौद असेल तर गळ्यापर्यंत बसवा, दोघांनी धरून ठेवा, डोकं वर. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

हे सगळं तीन-चार आठवडे नीट केलं, काट्याच्या नोंदी बरोबर आल्या, सावकाश धावला, तरी बारा किलोमीटरला तोच थकवा येत असेल तर पाण्याचा पिच्छा सोडा आणि रक्त तपासा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२, थायरॉइड आणि साखर. धावणाऱ्या बायकांमध्ये लोहाची कमतरता फार आढळते आणि ती उन्हाळ्यात उन्हाच्या नावावर खपून जाते. रिपोर्ट हातात येईपर्यंत लाँग रन आठ-दहा किलोमीटरवर ठेवा.